इंग्रजी ‘आय’चा विनय

वाचकांनी खिशातली शंभर रुपयांची नोट बाहेर काढावी आणि मोजण्यासाठी नव्हे, तर वाचण्यासाठी म्हणून ती एकदा डोळ्यांपुढे धरावी. तिच्यावर हिंदीत आणि इंग्रजीत एक पूर्ण वाक्य छापलेले आहे. इंग्रजी वाक्य असे : ‘आय प्रॉमिस टु पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज.’ खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. दरवर्षी चलनाचा पाठ सुरू करताना मी वर्गाला विचारतो, की या वाक्यातला ‘आय’ कोण? बहुतेक मुले म्हणतात, सरकार. काही म्हणतात, बँक. सही कोणाची आहे ते पाहून उत्तर देणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वाक्य सापडायचे नाही. ती नोट भारत सरकार काढते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती नाण्याच्याच पंक्तीला बसते. तेव्हा तिथे कोणी कोणाला वचन देण्याचे कारण उरत नाही.

इथवर अर्थशास्त्र झाले. त्यापुढचा प्रश्न भाषेचा आहे आणि तो मला अलीकडे अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. एवढी अवाढव्य संस्था. पण शब्द द्यायची वेळ आली तेव्हा तिला ‘मी’ म्हणावेच लागले. ‘रक्कम अदा करण्यात येईल’ असे छापून भागले नसते, कारण करण्यात येणाऱ्या गोष्टी कोण करणार हे कधीच कळत नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत नेमक्या अशाच वाक्यांचा विचार केला होता. ‘मी वचन देतो’, ‘मी माफी मागतो’, ‘मी पैज लावतो’ ही वाक्ये एखाद्या घडलेल्या गोष्टीची माहिती देत नाहीत. ती उच्चारणे हीच ती गोष्ट करणे होय. आणि अशा वाक्याचे सर्वांत स्वाभाविक रूप प्रथमपुरुषी वर्तमानकाळी असते.

पण नोटेवरचे वाक्य विरळा. रोजच्या बोलण्यातला आणि चिठ्ठीचपाटीतला इंग्रजी ‘आय’ एवढा गंभीर नसतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांचे घोडे अडते ते तिथेच. उदाहरणादाखल वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाचे दोन कागद सांगतो. एक कागद खरोखरीचा, दुसरा मोबाइलवरचा. बोनाफाईड प्रमाणपत्रासाठी त्याने कार्यालयात दिलेला अर्ज असा सुरू होतो : ‘आय, द अंडरसाइन्ड, मोस्ट रिस्पेक्टफुली बेग टु स्टेट.’ म्हणजे अधोस्वाक्षरीकार हात जोडून, कमरेत वाकून उभा आहे. त्याच दिवशी दुपारी मला आलेला त्याचा संदेश असा : ‘सर आय वॉन्ट बोनाफाईड टुडे ओन्ली.’ म्हणजे तोच मुलगा आता टेबलावर मूठ आपटतो आहे. मुलगा तर मोठा मर्यादशील. संध्याकाळी तो दाराशी आला तेव्हा मराठीत म्हणाला, “सर, जरा बोनाफाईड पाहिजे होतं. आज मिळेल का?” या वाक्यात याचनाही नाही आणि उर्मटपणाही नाही. ‘जरा’ आहे, ‘पाहिजे’च्या पुढे भूतकाळी ‘होतं’ आहे, आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवलेला आहे. मराठीत सहज साधलेली ही मधली पायरी इंग्रजीत शिरताच कुठे नाहीशी होते? अर्जाच्या ‘बेग’ आणि संदेशाच्या ‘वॉन्ट’ यांच्यामध्ये या मुलाजवळ एकही वाक्य असू नये?

याचे उत्तर शोधायचे तर इंग्रजीत ‘आय’ इतका का येतो, येथून आरंभ करावा लागेल. आपल्याकडे एक समज रूढ आहे, की इंग्रज स्वतःस फार मानतो, म्हणून तो ‘मी’ मोठ्या लिपीत लिहितो. हा समज ऐकायला बरा वाटतो, पण खरा नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘इक्’ असा होता. आपल्या ‘अहम्’चाच तो दूरचा भाऊबंद. कालांतराने त्यातले व्यंजन झडले आणि एक अक्षर उरले. हस्तलिखितात ही एकुलती एक बारीक रेघ आजूबाजूच्या शब्दांत हरवू लागली, म्हणून लेखनिकांनी ती उंच काढायला सुरुवात केली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत ही सवय पक्की झाली. थोडक्यात, ज्याला आपण अहंकार समजतो ती कारकुनांची एक सोय होती.

आणि हा शब्द वारंवार येतो त्याचे कारणही असेच घरगुती आहे. मराठी क्रियापदाच्या अंगावर कर्त्याची खूण असते. ‘येतो’ म्हटले की कोण येतो हे संदर्भाने कळते, आणि बोलणारा पुरुष आहे हेही कळते. ‘येते’ म्हटले की स्त्री. निरोप घेताना आपण नुसते ‘येतो हं’ म्हणतो. तिथे ‘मी’ची गरज नसते. इंग्रजी क्रियापदाचे प्रत्यय शतकानुशतकांच्या वापराने घासून गेले. मी, तू, आम्ही, ते यांपैकी कोणीही जावो, क्रियापद आपले ‘गो’. मग कर्ता पुढे उभा केल्यावाचून गत्यंतर नाही. त्यातून कोणी सुटला असेल तर तार पाठवणारा. आपल्या देशात तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तोवर शब्दागणिक पैसे मोजणारा माणूस वाक्यातला पहिला शब्द जो उडवी तो ‘आय’. ‘अराइव्हिंग संडे’ एवढे पुरे होत असे. पैसे वाचवायचे म्हटले की अहंकार सोडणे सोपे जाते, हेही यावरून दिसते.

बोलण्यातल्या आणि लिहिण्यातल्या ‘आय’चे प्रमाण मोजलेलेही आहे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे दहा कोटी शब्दांचा इंग्रजीचा संग्रह १९९१ ते १९९४ या काळात सिद्ध झाला. त्यातला एक दशांश भाग प्रत्यक्ष बोलण्याचा. त्यावरून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शब्दगणनेत दिसते, की दर दहा लाख शब्दांमागे लिखाणात ‘आय’ सुमारे साडेसहा हजार वेळा येतो आणि बोलण्यात सुमारे एकोणतीस हजार वेळा. साडेचार पट! आता आपला विद्यार्थी इंग्रजी शिकतो ते कशावरून? पाठ्यपुस्तकावरून आणि आमच्यासारख्यांनी दिलेल्या टिपणांवरून, म्हणजे जिथे ‘आय’ जवळजवळ नाहीच अशा लिखाणावरून. खेड्यातल्या बाजाराला निघालेल्या माणसाच्या हाती फक्त दोन हजारांची नोट द्यावी, तसा हा प्रकार. (ती नोट तर आता व्यवहारातूनही मागे घेतली गेली आहे.) सुटे पैसे त्याला कोणी दिलेलेच नाहीत.

हे सुटे पैसे कोणते? ‘आय थिंक’, ‘आय सपोज’, ‘आय मीन’, ‘आय अ‍ॅम अफ्रेड’, ‘आय वॉज वंडरिंग’, ‘आयड लाइक’. अशी पंधरा-वीस वाक्यमुखे. त्यांतल्या ‘आय’चे काम स्वतःला पुढे करणे हे नव्हेच, पुढे येणाऱ्या विधानाची धार थोडी बोथट करणे हे आहे. ‘द फिगर इज राँग’ हा निकाल झाला. ‘आय थिंक द फिगर इज राँग’ असे म्हटले, की ते एका माणसाचे मत होते, आणि समोरच्याला आपली आकडेमोड पुन्हा तपासायला अवसर मिळतो. ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ची तर मौजच आहे. ‘आय अ‍ॅम अफ्रेड द मॅनेजर इज आऊट’ हे फोनवरचे वाक्य ऐकून आमचा एक विद्यार्थी बुचकळ्यात पडला होता. साहेब बाहेर गेले, तर यांना भीती कसली? भीती कसलीच नाही. नकार द्यायचा आहे आणि तो देताना आपल्याला बरे वाटत नाही, एवढेच त्या तीन शब्दांचे म्हणणे.

येथे मराठी आणि इंग्रजी यांच्या सभ्यतेच्या घडणीतला भेद लक्षात घेतला पाहिजे. आपली सभ्यता मुख्यतः दुसऱ्या पुरुषात वसते. तू, तुम्ही, आपण. दे, द्या, द्यावे. ‘मला अर्धा किलो साखर द्या’ हे वाण्याच्या दुकानातले वाक्य पूर्णपणे सभ्य आहे, कारण ‘द्या’मधल्या एका काना-यकाराने वाण्याचा मान राखलेला असतो. इंग्रजीतही एके काळी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा अरे-तुरे आणि अहो-जाहो यांच्यासारखा भेद होता. सतराव्या शतकापासून ‘दाऊ’ शिष्टसंमत बोलण्यातून मावळत गेला. क्वेकर पंथाच्या लोकांनी तो हट्टाने जपला, पण राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना एकाच पातळीवर आणण्यासाठी, आणि त्यापायी त्यांनी रोषही पत्करला. बाकी इंग्रजी समाजाने सगळ्यांनाच ‘यू’ करून टाकले. आता मालकही ‘यू’ आणि मालकाचा कुत्राही ‘यू’. द्वितीय पुरुषाच्या सर्वनामात मान दाखवायला जागा उरली नाही. ‘वुड यू’, ‘कुड यू’ अशा प्रश्नांनी त्याची काही भरपाई होते, हे खरे. परंतु सभ्यतेचा बराच मोठा भार पेलतो तो पहिला पुरुष. इंग्रज माणूस समोरच्याला वर चढवत नाही, स्वतःच एक पायरी खाली उतरतो : मला वाटते, मी विचार करीत होतो, मला आवडेल, मी आभारी होईन.

आमचा विद्यार्थी ‘मला पाहिजे’चे ‘आय वॉन्ट’ करतो तेव्हा भाषांतर अचूक असते, आणि तरी मान मागे राहतो. मराठीत तो ‘द्या’च्या किंवा ‘होतं’च्या आश्रयाला होता, इंग्रजीत त्याला आसरा उरत नाही. हे ध्यानात न आल्याने तो धास्तावतो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ‘बेग’ करू लागतो. ते ‘बेग टु स्टेट’ आपण कुठून आणले हे सांगायला नको. साहेबाच्या राज्यात देशी माणसाने अर्ज कसा करावा याचा जो साचा पडला, त्यातच आपण साहेब गेल्यावरही अर्ज ओतत राहिलो. खुद्द साहेबाच्या देशात अर्नेस्ट गॉवर्स या सनदी अधिकाऱ्याने तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिले आणि कचेरीतल्या असल्या अवजड भाषेची झाडाझडती घेतली. आपल्या कचेऱ्यांत मात्र ‘आय अ‍ॅम डायरेक्टेड टु से’ अजून सुखरूप आहे. हे वाक्य मोठे विलक्षण! त्यात ‘आय’ आहे, पण तो फक्त टपाल पोचवण्यापुरता; बोलणारा कोणी दुसराच आहे आणि तो दिसत नाही. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत आला, आणि आपण त्याचेही भाषांतर करून ठेवले : ‘कळविण्यात येते की’. मराठी लेखकही या बाबतीत मागे नाहीत. ‘मी’ टाळण्यासाठी ‘प्रस्तुत लेखक’ म्हणण्याची आमची चाल ही त्याच कुळातली.

मराठी माणसाच्या इंग्रजीत ‘आय’ अडखळतो याला दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक खोल आहे. मनात जे उमटते त्याचा कर्ता मराठीत ‘मी’ नसतोच. मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला आठवते, मला आवडते, मला वाटते. गोष्ट घडते आणि ती माझ्यापर्यंत येते. मी केवळ तिचा धनी. भूतकाळात तर ‘मी पोळी खाल्ली’ असे म्हणताना क्रियापद माझे न ऐकता पोळीचे ऐकते. इंग्रजीत ही सगळी वाक्ये ‘आय’च्या हुकमतीखाली येतात. ‘हॅव’चीही तीच गोष्ट. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पेन आहे, माझ्या अंगात ताप आहे, माझे गावी घर आहे. नाते, वस्तू, व्याधी आणि मालमत्ता यांना मराठी वेगवेगळ्या घरांत ठेवते, तर इंग्रजीत सर्वांना एकच ‘आय हॅव’. अर्थशास्त्राच्या माणसाला इथे मालकीहक्काच्या कल्पनेवर भाष्य करण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. व्याकरणावरून लोकांचा स्वभाव ताडणे ही ज्योतिषाइतकीच खात्रीची विद्या आहे. शिवाय इंग्रजीही पूर्वी आपल्यासारखीच बोलत होती. ‘मी थिंक्स’ हा शेक्सपिअरच्या नाटकांतून वाचलेला शब्द पुष्कळांना आठवत असेल. त्यातला ‘मी’ म्हणजे मराठी ‘मला’, आणि अर्थ नेमका ‘मला वाटते’. ‘मला रुचते’, ‘मला भूक लागते’ यांचीही तशीच रूपे जुन्या इंग्रजीत होती. मध्ययुग सरता सरता ती मागे पडली आणि ‘आय’ने त्यांची जागा घेतली.

आमचे विद्यार्थी ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतात, ‘मायसेल्फ अमुक अमुक’ म्हणून स्वतःची ओळख करून देतात, आणि त्यांना हसले जाते. मुंबईचे कवी निस्सिम इझिकेल यांनी या इंग्रजीवर कविताच केल्या. त्या वाचून हसू येते खरे, पण त्यांतल्या माणसांबद्दल माया वाटते. चूक घडते कशी, ते पाहिले की हसू मावळते. पहिल्या दिवशी आपण मुलांना ‘आय अ‍ॅम’ ही जोडगोळी देतो. पुढे ‘आहे’ जिथे दिसेल तिथे मूल ती डकवत जाते, आणि मराठीत ‘आहे’ कुठे नसते? ‘मायसेल्फ’ हे तर मला ‘आय’ टाळण्याचेच साधन वाटते. पहिल्याच भेटीत ‘आय’ म्हणून छाती पुढे काढणे मुलाला प्रशस्त वाटत नाही.

यावर उपाय नव्हते असे नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ मध्ये इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस नमुने बांधून दिले. त्यांच्या परंपरेतल्या वाक्यरचनांच्या तक्त्यांवर आपल्याकडील शिक्षकांची एक पिढी पोसली. त्याआधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या आणि त्यांचे इंग्रजी आमच्यापेक्षा नेटके होते. पण तक्त्यातले वाक्य हे वाक्य म्हणून बरोबर असते, एवढेच. ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणायचे हे तक्ता सांगत नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. तेव्हापासून शिकलेली मुले आता पदव्या घेऊन बाहेर पडली आहेत. तेरा-पंधरा वर्षे इंग्रजी शिकूनही ‘आय वॉन्ट’ आणि ‘आय बेग’ यांच्यामधले अंतर त्यांना कोणी चालून दाखवलेले नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची फी भरलेल्या घरातला मुलगा ते अंतर घरात, मित्रांत, चित्रपटांत ऐकून पार करतो. ज्याच्या बापाला ती फी परवडली नाही, तो मुलाखतीच्या खोलीत प्रथमच त्या अंतराच्या काठाशी येतो. नोकरी नाकारताना कारण म्हणून ‘संभाषणकौशल्याचा अभाव’ असे कळविण्यात येते.

बोनाफाईडवाल्या त्या मुलाचे असेच झाले. फोनवरची मुलाखत होती. मंदी असताना किमती वाढू शकतात का, असा प्रश्न आला आणि तो गप्प राहिला. अर्धा मिनिट कोणीच बोलले नाही. मग पलीकडून आभार मानून फोन ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी मी त्याला तोच प्रश्न मराठीत विचारला. तो म्हणाला, “नक्की सांगता येणार नाही सर, पण बहुधा वाढू शकतात. त्र्याहत्तर साली तेलाचे भाव वाढले तेव्हा तसं झालं होतं ना?” उत्तर उत्तम होते. ‘नक्की सांगता येणार नाही, पण बहुधा’ हे आरंभीचे शब्दही तितकेच उत्तम होते. इंग्रजीत ते ‘आय अ‍ॅम नॉट शुअर, बट आय थिंक’ एवढेच आहेत. त्यांतला एकही शब्द त्याला नवा नव्हता. “मग तसं म्हणाला का नाहीस?” या प्रश्नावर तो जरा वेळाने म्हणाला, “म्हणजे येत नाही असंच कबूल केल्यासारखं झालं असतं.”

बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत वारंवार येणाऱ्या शब्दसमूहांची गणना डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या आपल्या बृहद्‌व्याकरणात दिली आहे. संभाषणातल्या तीन शब्दांच्या समूहांत अग्रभागी आहे ‘आय डोन्ट नो’. ज्यांची ती भाषा आहे ते लोक हे वाक्य दिवसभर म्हणत असतात. अज्ञानाची कबुली म्हणून थोडे, आणि विचाराला अवधी मिळावा म्हणून, मत मवाळ करावे म्हणून, दुसऱ्याला बोलू द्यावे म्हणून बरेच. आमच्या वर्गात ते वाक्य म्हणणारा मुलगा उभा राहतो आणि तास संपेपर्यंत उभाच राहतो. मीही मुलांना तसे उभे केलेले आहे.

या सत्रापासून शनिवारी शेवटचा तास आम्ही बोलण्याच्या सरावासाठी ठेवला आहे. पहिल्या शनिवारी मी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली : ‘आय डोन्ट नो’, ‘आय अ‍ॅम नॉट शुअर’, ‘आय थिंक सो’. ती मोठ्याने म्हणा असे सांगितल्यावर वर्ग नुसता पुटपुटला. मागच्या बाकावरून त्याच मुलाने हात वर केला.

“सर, हे म्हटलं तर मार्क कापणार नाही ना?”